चालतंय का, एवढंच बघतो

आमच्या घरात 'मी बघतो' हे दोन शब्द उच्चारायला मला सध्या बंदी आहे. नळ गळू दे, पंखा करकरू दे, दाराची कडी अडकू दे, मी तोंड मिटून बसायचं आणि बायकोने माणूस बोलवायचा. माझ्यासारख्या माणसावर ही वेळ यावी याचं कुणालाही वाईट वाटेल. मला वाटत नाही, कारण बंदी रास्त आहे हे मला पटलेलं आहे. ते पटायला काय काय घडावं लागलं ते सांगतो. सांगताना मी अधूनमधून स्वतःची बाजू घेईन, तिकडे दुर्लक्ष करावं.

मी काडेपेट्यांच्या कारखान्यात तपासनीस होतो. तयार पेट्यांच्या ढिगातून मनाला येईल ती पेटी उचलायची, काडी ओढायची, पेटते का, नीट जळते का, काडीच्या टोकाचा गुल तुटून पडतो का ते बघायचं आणि शिक्का मारायचा. उभी हयात काड्या ओढण्यात गेली. निवृत्त झालो तेव्हा साहेब भाषणात म्हणाले, "यांनी न तपासलेला माल कधी बाहेर गेला नाही." तेव्हा अंगावर जे मूठभर मांस चढलं ते पुढे कित्येक वर्षं उतरलं नव्हतं. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, "भाऊजींनी जन्मभर काड्याच केल्या" असा विनोद चारचौघांत करतो. मी हसत नाही.

तर बायको. ती गणित शिकवते आणि फार छान शिकवते, असं लोक म्हणतात. एक संस्था तिला घरबसल्या इंटरनेटवरून शिकवायचं काम द्यायला तयार झाली होती. अट एकच, शनिवारी सकाळी संस्थेची एक बाई तिचा तास बघणार. पसंत पडला तर काम पक्कं. आता, माझ्या बायकोने 'मला हवंय' असं म्हटलेलं मी आमच्या लग्नापासून ऐकलेलं नाही. दुकानात नेलं तरी "तुम्ही म्हणाल ते" म्हणून मोकळी. ती त्या दिवशी भांडी पुसता पुसता, पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाली, "अहो, मला हे काम हवंय."

मी पेपर खाली ठेवला.

"फक्त आपलं नेट मधूनच जातं हो," ती म्हणाली. "त्याचं काहीतरी करायला..."

"मी बघतो," मी म्हणालो.

प्रथम मी तक्रार केंद्राला फोन लावला. तिथे एक यांत्रिक बाई आधी हे दाबा, मग ते दाबा असं सांगत राहिली आणि मी आज्ञाधारकपणे दाबत राहिलो. बऱ्याच वेळाने एक खरीखुरी मुलगी आली. ती मला दर वाक्याला सर म्हणत होती, त्यामुळे सुरुवातीला बरं वाटलं. "सर, नेटचा डबा बंद करून परत चालू केलात का सर?" केला. "सर, डब्याच्या खाली एक नंबर असेल, तो वाचा सर." आमचा डबा बाहेरच्या खोलीतल्या कपाटामागे, जमिनीलगत. मी पोटावर आडवा झालो, एका हातात फोन, दुसऱ्या हातात डबा, आणि टॉर्च धरायला तिसरा हात देवाने दिलेला नसल्यामुळे ती तोंडात. मी आकडे वाचायला लागलो. "सर, तुमचा आवाज स्पष्ट येत नाहीये सर." मी टॉर्च काढून बोलायचो तर आकडे दिसेनात, टॉर्च धरून वाचायचो तर तिला कळेना. पंधरा-सोळा आकडे असे वाचल्यावर माणसाचा स्वाभिमान कुठे राहतो? बायको दारात उभी राहून बघत होती. "राहू दे ना," ती म्हणाली. राहू दे कसं?

उठून धूळ झटकतोय तोवर मोबाईलवर संदेश आला, 'आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. आपण समाधानी नसाल तर इंटरनेटवरून कळवा.' मी अजिबात समाधानी नव्हतो. पण नेट गेलेलं असल्यामुळे ते त्यांना कळवता आलं नाही.

मग त्यांचा माणूस आला. शीळ घालत आला, आल्या आल्या वायरचं टोक कापून नवीन बसवलं आणि म्हणाला, "झालं, काका." मी काका? त्यांची ती मुलगी सर म्हणत होती आणि याचा मी काका. मी म्हणालो, "झालं कशावरून?" तपासनिसाचा प्रश्न होता तो. त्याने माझा मोबाईल घेतला, काहीतरी भरलं, एक बटण दाबलं. आणि पडद्यावर नेटचा वेग दाखवणारी एक गोल तबकडी उमटली, तिच्यावर एक काटा सरसरत उजवीकडे गेला, थरथरला आणि टोकाला जाऊन उभा राहिला.

"बघा, फुल येतंय. शंका आली की दाबायचं."

काय सांगू! कारखाना सुटल्यापासून माझ्या हातात असं काही आलं नव्हतं. तो जिना उतरेपर्यंत मी आणखी दोनदा दाबून घेतलं. काटा दोन्ही वेळा टोकाला. चोख माल.

सरावासाठी बायको रोज संध्याकाळी आमच्या भाचीच्या दोन मुलींचा तास घेत असे. बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलावर संगणक, मागे एक पांढरा फळा. त्या संध्याकाळी मी आतल्या खोलीत पलंगावर मोबाईल घेऊन राखणीला बसलो. बायकोचा तास रंगात आला होता. मी म्हटलं, बघू या. दाबलं. काटा झोकात उजवीकडे. आणि बाहेरून आवाज आला, "हॅलो? मुलींनो, ऐकू येतंय का?"

मी धावत बाहेर गेलो. "काय झालं?"

"गेलं."

"अगं, गेलं कसं? हे बघ, आत्ता, या क्षणाला फुल येतंय!"

तेवढ्यात नेट परत आलं आणि धाकटी ओरडली, "आजी, तू मघाशी पुतळा झाली होतीस! तोंड उघडं ठेवून!"

असं त्या आठवड्यात वारंवार व्हायला लागलं. नेट जायचं नेमकं तासालाच, आणि माझा काटा सांगायचा की सगळं उत्तम आहे. मी चक्रावून गेलो. जसजसा चक्रावलो तसतसा जास्त लक्ष ठेवायला लागलो, आणि जसजसा जास्त लक्ष ठेवायला लागलो तसतसं जास्त जायला लागलं. शहाण्या वाचकाला इथेच सगळं कळलं असेल. मला कळलं नाही.

शेजारच्या काकूंच्या कानावर हे जायला वेळ लागला नाही. काकूंच्या कानावर काहीही जायला वेळ लागत नाही. त्या आल्या, डबा जमिनीवर बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, उंच ठेवा! आमचा कपाटावर आहे, एकदा गेला असेल तर शपथ." डबा कपाटावर चढला. मी दाबलं. काटा टोकाला. संध्याकाळी तासाला नेट गेलं.

वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांचं मत वेगळं पडलं. त्यांचं मत नेहमीच वेगळं पडतं, त्याचेच त्यांना पैसे मिळतात. "ही सरळसरळ चोरी आहे," ते आवाज खाली आणून म्हणाले. "इमारतीतलं कुणीतरी तुमचं नेट वापरतंय. पासवर्ड बदला." मी बदलला. "आता तो मला सांगून ठेवा. माझ्या मोबाईलवरून मी नजर ठेवतो." मी सांगितला. वकिलाला सांगितला म्हटल्यावर काकूंना न सांगून चालणार होतं का? त्यांनाही सांगितला. दोघांनाही काट्याची तबकडी घेऊन दिली. वकीलसाहेबांना काटा इतका आवडला की जेवताना सुद्धा दाबतो म्हणाले.

मेहुण्याने तर कमाल केली. तो सोमवारी आला आणि म्हणाला, "भाऊजी, लहरी भिंतीत मुरतात. मागे काहीतरी धातूचं लावा, म्हणजे त्या उलट्या फिरतील." मग आम्ही कपाटावर चढून डब्यामागे घरातली सगळ्यात मोठी परात उभी केली आणि सुतळीने बांधली. बायको म्हणाली, "परात कशाला हो? मला लागते ती." मी म्हणालो, "तुझ्या नोकरीपेक्षा परात मोठी आहे का?" हे बोलताना मला फार भारदस्त वाटलं होतं. आता आठवलं की कानशिलं तापतात.

मंगळवारी संध्याकाळी माझा दात ठणकायला लागला आणि मी दातांच्या डॉक्टरकडे गेलो. परत आलो तर बायको गुणगुणत होती. "आज एकदासुद्धा गेलं नाही," ती म्हणाली. मी सुजलेल्या गालाने कपाटावरच्या परातीकडे अभिमानाने बघितलं. मेहुण्याला फोन करून अभिनंदनही केलं.

बुधवारी परत गेलं.

शुक्रवारी तिची झोप उडाली होती हे मला दिसत होतं. ती फळा पुसत होती, परत लिहीत होती, परत पुसत होती. "उद्या गेलं तर?" ती म्हणाली. मला पोटात तुटलं. खरंच सांगतो, मी जे केलं ते त्या तुटण्यापोटीच केलं. मी म्हणालो, "उद्या जाणार नाही. मी बंदोबस्त करतो."

बंदोबस्त असा होता. वकीलसाहेब स्वयंपाकघरात, काकू आतल्या खोलीत, मेहुणा गॅलरीत आणि मी मधल्या बोळात, जिथून मला तिघं दिसतील. चौघांच्या हातात चार मोबाईल, चारही आमच्याच नेटवर. मी हातरुमाल हलवला की चौघांनी एकदम दाबायचं, म्हणजे नेट नेमकं घराच्या कुठल्या कोपऱ्यात गळतंय ते कळेल. वकीलसाहेबांनी योजनेला 'निर्दोष' म्हटलं होतं.

सकाळी बायको इस्त्रीचा ड्रेस घालून, केस नीट बांधून टेबलाशी बसली. तास सुरू झाला. अपूर्णांक होते. तिने एक कागद घेतला आणि घडी घालत मुलांना विचारायला लागली, आता किती भाग, आता किती भाग. लोटलेल्या दाराच्या फटीतून मी बघत-ऐकत होतो. एका मुलाने काहीतरी भलतंच उत्तर दिलं आणि ती हसली. त्याला हसली नाही, त्याच्याबरोबर हसली. मग पडद्यावरून तास बघणारी ती संस्थेची बाई पण हसली. इतकं छान चाललं होतं! आणि इतकं छान चाललेलं असताना माझ्या हाताला चैन पडेना. चालतंय, पण चालतंय का खरंच?

मी रुमाल हलवला.

चार काटे एकदम धावले. आत शांतता झाली. "हॅलो?" बायको म्हणाली. "ऐकू येतंय का? हॅलो?" ती बाहेर फेकली गेली होती. ती परत आत गेली, माफी मागितली, कागद परत उचलला. मी घाबरून, गळती सापडलीच पाहिजे म्हणून परत रुमाल हलवला. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी तिच्या 'हॅलो'मध्ये जे होतं ते मला सहन झालं नाही आणि मी परात सरळ करायला खोलीत घुसलो. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून रांगत घुसलो. रांगणारा माणूस कॅमेऱ्यात दिसत नाही ही माझी समजूत होती. कपाटावरून लोंबणारी सुतळी ओढली, परात सुटली आणि फरशीवर गोल गोल फिरत असा काही आवाज करायला लागली की थांबायचं नावच घेईना. तो आवाज ऐकून काकू, वकीलसाहेब आणि मेहुणा आत आले. नेमकं त्याच वेळी नेटही आलं. वकीलसाहेब मोबाईल उंच धरून म्हणाले, "माझ्याकडे फुल आहे!" काकू म्हणाल्या, "माझ्याकडे पण!"

पडद्यावर पाच-सहा मुलं आणि एक चष्म्यातली बाई आमच्याकडे बघत होती. मी अजून चार पायांवर होतो.

"आपण नंतर बोलू," ती बाई म्हणाली, आणि पडदा काळा झाला.

बायको रडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली असती तर फारच बरं झालं असतं. ती उठली, परातीवर पाय ठेवून तिचा आवाज थांबवला आणि शांतपणे म्हणाली, "मंगळवारी संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"दातांच्या डॉक्टरकडे."

"मोबाईल?"

"माझ्याजवळच. खिशात."

"हं. आणि आत्ता तुम्ही सगळे मोबाईलवर काय करत होतात?"

मी तबकडी दाखवली. लाज वाटते सांगायला, पण दाखवताना मला अजूनही थोडा अभिमान होता. तिने तबकडीकडे बघितलं. मग संगणकावरून भाचीच्या धाकटीला फोन लावला. "बाळा, मला वीसपर्यंत मोजून दाखव. हळूहळू." पडद्यावर ती मोजायला लागली. एक, दोन, तीन. बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "दाबा. सगळे दाबा."

आम्ही दाबलं. "सहा, सा..." म्हणत पोर तोंड उघडं ठेवून पुतळा झाली. आमचे काटे टोकाला जाऊन दिमाखात थरथरत होते. काटे खाली आले आणि पोर "पंधरा, सोळा" म्हणायला लागली.

"परत दाबा," बायको म्हणाली.

परत दाबायची गरज नव्हती. घरात येईल तेवढं सगळं नेट तो काटाच पिऊन टाकत होता, हे काकूंनाही कळलं. वायरचं टोक बदललं त्या दिवशीच बिघाड संपला होता. त्यानंतर घरात उरलेला बिघाड म्हणजे मी. वकीलसाहेबांना अचानक एक अशील आठवला. काकूंचा गॅस चालू राहिला होता. मेहुणा गॅलरीतून थेट बाहेर पडता येत नाही म्हणून नाइलाजाने आमच्या मधून मान खाली घालून गेला.

आम्ही दोघंच उरलो. ती घडी घातलेला कागद उलगडत होती.

"तुम्ही प्रत्येक काडी पेटते का ते पेटवूनच बघता," ती म्हणाली. "पेटते ती. चांगली पेटते. पण मग माझ्या हातात काय येतं हो?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबांच्या भाषणाने चढलेलं ते मांस त्या क्षणी उतरलं, ते परत चढलेलं नाही. कारण ती रागाने बोलली नव्हती. खरंच विचारत होती.

दुपारी ती डोळ्यांवर हात ठेवून पडली असताना मी मोबाईल घेऊन जिन्यात गेलो आणि त्या संस्थेला फोन लावला. तिथेही हे दाबा, ते दाबा. शेवटी एक मुलगी आली. मी म्हणालो, "सकाळचा गणिताचा तास मोडला, त्याबद्दल सांगायचंय."

"हो सर. तांत्रिक अडचण असं लिहिते सर."

"तांत्रिक अडचण नव्हती," मी म्हणालो. "नवरा होता."

"सर?"

"नवरा लिहा. तो मीच. ती फार सुंदर शिकवत होती, मी दाराआडून ऐकलंय. त्यांना म्हणावं, परत एकदा बघा. या वेळी मी घरात नसेन."

ती मुलगी काहीतरी टाइप करत राहिली. मग म्हणाली, "सर, इथे नवरा असा पर्याय नाहीये. 'इतर'मध्ये टाकू का?"

"टाका," मी म्हणालो. माझी योग्यता तेवढीच होती.

बुधवारी परत तास ठरला. सकाळी मी आपणहून मोबाईल बंद करून बायकोच्या हातात दिला. तिने तो कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं, किल्ली कमरेला. मी बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसलो. दार लागलं. आत ती बोलायला लागली, शब्द कळत नव्हते, नुसता आवाज. माझा अंगठा आपोआप गुडघ्यावर दाबायला लागला, तो मी मांडीखाली घातला. काकू दार उघडून कुजबुजल्या, "काय हो, चाललंय ना? जरा बघू का?" मी हात जोडले, अगदी कोपरापासून. काकू आत गेल्या.

मग आतून ती हसली. शनिवारसारखीच. त्यानंतर कुठेच 'हॅलो' आलं नाही. मी वाट बघत होतो, पण आलंच नाही. जन्मात पहिल्यांदा एक माल माझ्या तपासणीशिवाय बाहेर पडत होता, आणि माझे डोळे का भरून आले होते ते मला सांगता येणार नाही.

दार उघडलं. ती उंबऱ्यात उभी होती. मी उठून उभा राहिलो.

"सोमवारपासून," ती म्हणाली. मग जरा थांबून, "रोज. सकाळ-संध्याकाळ."

मी पायरीवरच्या माझ्या जागेकडे एकदा बघून घेतलं. आता तिथे एक उशी आहे. कडक पायरीने पाठ धरते. येणारे-जाणारे सवयीचे झाले आहेत, वकीलसाहेब हल्ली माझ्याशी नजर न मिळवता मला ओलांडून जातात. परवा तळमजल्यावर नवीन राहायला आलेल्या बाई काकूंबरोबर जिना चढत होत्या. मला बघून थबकल्या आणि हळूच विचारलं, "हे इथे का बसलेत हो?"

काकू हळू बोलत नाहीत. "ह्यांच्या नेटमध्ये बिघाड होता ना, तो हाच. तासाच्या वेळी बाहेर काढून ठेवतात."

मी मान खाली घातली आणि त्यांना वर जायला जागा करून दिली.